रिकाम्या विहिरीवरची शीळ

नांदेड सोडताना

उन्हाळ्याच्या सुटीत शहाणी माणसं थंड हवेच्या गावाला जातात. मी गेले अहमदपूरकडे, आणि तेही दुष्काळात. माझ्या शेजारणीनं कपाळावर हात मारून घेतला. इथं उशाशी गोदावरी असून नळ एक दिवसाआड येतोय आणि तू तिकडे काय दगड बघायला चाललीस का, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पाखरं बघायला. त्यावर ती गप्प झाली, कारण माझ्या पाखरांपुढे बोलणं तिनं कधीच सोडून दिलंय. शाळेतल्या मुली पाठीमागे मला चिमणीबाई म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. शिकवते मराठी, पण खिडकीबाहेर कोतवाल पक्षी दिसला की माझं वाक्य अर्ध्यावर राहतं.

बोलावणं शालिनीचं होतं. ती आमच्याच शाळेत गणित शिकवते. तिचं माहेर अहमदपूरच्या पुढे, शिरूर अनंतपाळकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका खेड्यात. सुटी लागण्याआधी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली की आमच्या आखाड्यावर बाभळी पुष्कळ आहेत, पाखरंही असतील, चला. आखाडा म्हणजे शेतातलं घर. आमच्याकडे हा शब्द कुस्तीपेक्षा शेताला जास्त लागतो. शालिनी कुणाला सहसा घरी बोलवत नाही, आणि या वेळी मात्र तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण बाभळी म्हटल्यावर माझं डोकं चालत नाही.

धर्माबादच्या लाल मिरच्यांचा पुडा आणि गळ्यात दुर्बीण घेऊन आम्ही एसटीत चढलो. लोह्याच्या पुढे रान असं दिसायला लागलं की बघू नये. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, झाडांच्या फांद्या जनावरांसाठी ओरबाडलेल्या. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. वाटेतल्या पाट्यांवर ‘उस्मानाबाद’ पुसून वर ‘लातूर’ रंगवलेलं, पण रंग पातळ, त्यामुळे खालचा जुना जिल्हा अजून डोकावत होता. माझी दुर्बीण पाहून एका म्हाताऱ्यानं मी नव्या कलेक्टर कचेरीतून पाहणीला आले असंच ठरवून टाकलं. मी नाही नाही म्हणेपर्यंत अर्धी गाडी मला टँकरबद्दल विचारायला लागली. पाखरं बघते म्हटल्यावर म्हातारा खो खो हसला. म्हणाला, “जिल्हा नवा केला बाई, पर पाणी जुन्या जिल्ह्यातच ऱ्हायलं की काय, ते बगा जरा त्या दुर्बिनीतून.” सगळे हसले, मीही हसले.

आखाड्यावर

शालिनीची आई गयाबाई, मी त्यांना मावशी म्हणायला लागले, दारातच उभ्या होत्या. लहानखुऱ्या, काटक, कपाळ मोकळं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्यावर कागदी फुलांचा हार. “जय भीम, बाई” म्हणून त्यांनी तांब्या पुढे केला. तांब्यात पाणी अर्धंच होतं. मी तोंड धुवायला बाहेर गेले तर त्यांनी पायाशी घमेलं ठेवलं आणि हळूच सांगितलं की साबण लावू नका, हे पाणी तांबड्याला जातं. नांदेडात मी रोज तोंड धुवून किती पाणी गटारात सोडते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

तांबड्या म्हणजे त्यांचा बैल. लालकंधारी, अंगानं थोराड, पण बरगड्या दिसत होत्या. लिंबाखाली बांधलेला. घमेलं पुढे ठेवलं तसं त्यानं एका दमात पाणी ओढलं आणि मान वर करून शेताच्या कडेला बघत राहिला. तिकडे एक विहीर होती, तिच्याकडे चढत जाणारा मातीचा उतार आणि भोवती बाभळी. विहिरीवर मोटेचं लाकडी चाक अजून होतं, त्यावर दोर नव्हता.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी. आमटी इतकी झणझणीत की नाकातून पाणी आलं. मावशींनी न विचारता गुळाचा खडा पुढे केला. आमच्या नांदेडात पाहुण्याला तीन वेळा वाढून चौथ्यांदा आग्रह करतात; इथं ताटात एकदाच काय ते पोटभर वाढतात आणि मग तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. मला हे बरं वाटलं. पण ऊन उतरायला लागलं तसं मावशींनी बाहेरचं सगळं आवरलं, तांबड्याचा दोर दोनदा ओढून पाहिला आणि दुसरा दोर आणून तोही बांधला. मी विचारलं, बैल मारका आहे का? मावशी म्हणाल्या, “न्हाई, गरीब हाय लई.” आणि चुलीकडे वळल्या.

मग शालिनीनं सांगितलं. शालिनी म्हणजे कशी, तर दोन अधिक दोन चार झाल्याशिवाय पुढे न जाणारी. तिला असं अडखळत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिचे वडील गावातले शेवटचे मोट हाकणारे. सगळ्यांनी पंप बसवले, यांच्याकडे वीजही नव्हती आणि हौसही नव्हती. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: बैल उतारावरून खाली चालतात तेव्हा पाण्यानं भरलेली मोट वर येते, आणि ती पुन्हा विहिरीत सोडायची तर बैल उलट्या पावलांनी, मागच्या मागे, उतार चढत विहिरीपर्यंत येतात. मागे या, असं सांगायला हाकणारा शीळ घालतो. ज्याची त्याची शीळ निराळी, आणि बैल आपल्याच धन्याची ओळखतात. पुढे जायला जिभेनं चुचकारायचं. दिवसभर हेच, शीळ आणि चुचकारणं.

वडील गेल्या उन्हाळ्यात छातीच्या आजारानं वारले. खोकत खोकत शेवटपर्यंत मोट हाकली. मग पाऊस पडलाच नाही. विहीर आटली, माती फाटली आणि विहिरीचा उताराकडचा काठ आत ढासळला. बैल जिथे येऊन थांबायचे ती जमीनच राहिली नाही.

“चैत लागला तशी शीळ ऐकू यायला लागली,” शालिनी म्हणाली. “बाबांची. पहाटे उजाडताना, कधी दुपारी. बैल ती ऐकून मागं जायचे. मोऱ्या, तांबड्याचा जोडीदार, एका सकाळी दोर तोडून उलटा चालत गेला आणि विहिरीत पडून मेला. मी स्वतः ऐकलीय बाई. मी वर्गात पोरांना सांगते, भूत नसतं. आणि मी स्वतः घरात पळाले.”

उलट्या पावलांचा बैल. गावात एवढंच बोललं जात होतं, आणि उलटी पावलं कुणाची असतात हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. शेजारचे शेतकरी देवऋषी आणा म्हणाले. मावशींनी साफ नाही म्हटलं. दीक्षा घेतल्यापासून या घरात लिंबू-नारळ आलेला नाही. मग शालिनीचे चुलते किसनआप्पा, ते शेजारच्याच शेतात राहतात, त्यांनी तोड काढली: बैल अहमदपूरच्या बाजाराला न्यायचा. बाजार परवा होता. चारा नसलेल्या उन्हाळ्यात बाजारात गेलेला बैल नांगराला जात नाही, तो कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मावशींचं म्हणणं एवढंच की तांबड्या राहू द्या. पाऊस पडल्यावर पेरायला काय, माझे हात?

तर शालिनीनं मला पाखरांसाठी बोलावलंच नव्हतं. तिला कुणीतरी परकं माणूस हवं होतं, ज्याला ऐकू येतं की नाही हे बघायचं होतं. मी तिच्यावर जरा चिडले. भीती वाटली होती, म्हणून चिडले.

पहिली सकाळ

झोप कसली लागतेय! उजाडायला लागलं, लिंबाच्या फांद्या दिसायला लागल्या, आणि विहिरीच्या बाजूनं शीळ आली.

लांब, खालून वर चढत जाणारी, वर जाऊन किंचित तुटणारी. माणसाची शीळ. मी खिडकीशी गेले. बाहेर माणूस नव्हता. लिंबाखाली तांबड्या उठून उभा राहिला होता, तोंड आमच्याकडे, आणि तो मागे जात होता. दोन्ही दोर ताणले गेले, मान पुढे ओढली गेली, तरी त्याचे मागचे पाय माती उकरत मागेच सरकत होते. त्याचे डोळे शांत होते. मला सगळ्यात भीती त्या डोळ्यांची वाटली. मारझोड नाही, हंबरणं नाही, रोजचं काम करतोय असा चेहरा. शीळ पुन्हा आली. शेजारच्या अंथरुणावर मावशी पदर तोंडावर घेऊन पडून होत्या, पण जाग्या होत्या. मी कबूल करते, त्या घडीला मला एकही पाखरू आठवलं नाही.

ऊन वर आल्यावर अक्कल परत आली. मी शालिनीला विचारलं, पावसाळ्यात, थंडीत ही शीळ होती का? नव्हती. चैत्रापासूनच? हो, म्हणजे बाबांना वर्ष होत आलं तेव्हापासून. तिनं तो हिशोब वर्षाशी जोडला होता. मी मनात दुसराच हिशोब केला: चैत्र म्हणजे घरटी बांधायचे दिवस, म्हणजे गाण्याचे दिवस. पण तोंडातून शब्द काढला नाही. खोटी आशा दाखवून उद्या बैल गेला असता, तर त्या बाईला तोंड कसं दाखवायचं?

भर दुपारी दुर्बीण घेऊन मी एकटी विहिरीकडे गेले. शालिनी आली नाही. दुपारच्या उन्हात त्या रानाला आवाजच नव्हता, माझ्याच चपला मला मोठ्यानं ऐकू येत होत्या. विहिरीत डोकावले. तळाशी दगड, सुकलेला गाळ, आणि एका कपारीत मोऱ्याच्या गळ्यातली घुंगरांची चामडी माळ अडकून राहिलेली. बैल ओढून काढला होता, माळ राहिली होती. बाभळीकडे वळले तर काट्यांवर सरडा टोचलेला. पलीकडे दोन टोळ, एक पालीचं पिल्लू, सगळं नीट ओळीनं काट्यात खोचून वाळत ठेवलेलं. कुणा दुसऱ्यानं हे पाहिलं असतं तर बोंब मारत पळाला असता. माझं मात्र उलटं झालं. माझा जीव भांड्यात पडला. हे खाटकाचं काम होतं. खाटीक नावाचं चिमणीहून थोडं मोठं पाखरू असतं; पाठ विटकरी, पोट पांढरं, डोळ्यांवर काळी पट्टी. शिकार काट्याला टोचून ठेवतं म्हणून नाव खाटीक. आणि गळा असा गोड की दुसऱ्यांची गाणी हुबेहूब चोरतं.

पण संध्याकाळपर्यंत बसून राहिले, तरी ते आलं नाही. आणि सकाळी किसनआप्पा बैल न्यायला येणार होते.

बाजाराची सकाळ

अंधुक दिसायला लागलं तशी मी बाहेर पडले आणि उताराच्या कडेला, बाभळीला टेकून बसले. हलायचं नाही, एवढं एक काम मला चांगलं जमतं. चांदणी फिकट झाली. आणि समोरच्या मोडक्या खांबावर, मी हात लांब केला असता तर लागला असता एवढ्यावर, खाटीक येऊन बसला.

इतक्या जवळून मी रानातलं पाखरू कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या चोचीचा आकडा दिसत होता, त्या आकड्याला चिकटलेला टोळाचा पाय दिसत होता. काळ्या पट्टीतून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गळा फुगवला, आणि त्या एवढ्याशा जीवातून एका मेलेल्या माणसाची शीळ निघाली. लांब, वर चढणारी, शेवटी तुटणारी. मला कळत होतं की हे पाखरू आहे, डोळ्यांसमोर आहे, तरी क्षणभर माझाच त्यावर विश्वास बसेना. कारण शीळ संपल्यावर ते थांबलं नाही. ते खोकलं. दोन कोरडे ठसके, मधे दम घेतल्यासारखी जागा, आणि पुन्हा एक. मग पुन्हा शीळ.

आता माझा मूर्खपणा. पाखरानं साद घातली की उलटी साद द्यायची, ही मला लहानपणापासूनची खोड. बाईमाणसानं शीळ घालू नये म्हणून आईच्या हातचा मार खाल्लाय, तरी गेली नाही. माझे ओठ आपोआप वळले आणि मी तीच शीळ घातली, तश्शीच. खाटकानं मान वाकडी केली आणि माझ्याहून मोठ्यानं उत्तर दिलं. मी पुन्हा घातली. आमचं असं चाललं असताना मला मागे माती घासल्याचा आवाज आला.

तांबड्या येत होता. किसनआप्पांनी बाजाराला न्यायचा म्हणून दोर सोडून नुसता कासरा हातात धरला होता, तो कासरा आता जमिनीवर फरफटत होता. दोन बाजूंनी शीळ ऐकून बैल पाठमोरा, नेटानं उतार चढत होता. मी उठून कासरा धरला आणि ओढला. कुठला बैल आणि कुठली मी. मला घेऊन तो मागे मागे चालला. पलीकडून किसनआप्पा “हौ, हौ” ओरडत धावत होते, पण तो त्यांचा बैल नव्हता, त्यांचं ऐकत नव्हता. ढासळलेला काठ त्याच्या मागच्या पायांपासून दोन हातांवर आला. मातीचं एक ढेकूळ सुटून आत पडलं आणि ते तळाला पोचल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

तेवढ्यात मावशी आल्या. हाताला भाकरीचं पीठ तसंच. त्या बैलाजवळ गेल्या नाहीत, उताराच्या खालच्या टोकाला उभ्या राहिल्या आणि जिभेनं चुचकारलं. हलकेच, तीनदा. बायका मोट हाकत नाहीत. त्या बाईनं आयुष्यात कधी असं चुचकारलं नव्हतं, फक्त रोज ऐकलं होतं. तांबड्याचे कान हलले. तो थांबला. मग पुढचं पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि उतारावरून सरळ त्यांच्यापर्यंत चालत गेला. मी तिथेच धुळीत बसले आणि रडले, लाज वाटायचंही कारण नव्हतं.

सगळं ऐकून घेतल्यावर किसनआप्पांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला बसायला स्वतःचं पागोटं पसरलं. पाखरूच आहे ना, मग प्रश्न मिटला. भूत मान्य नव्हतंच आपल्याला, ते आता ठासून सांगायला लागले. आता गोफण आणतो, एका धोंड्याचं काम, मग बैल कशाला विकायचा? शालिनीही मान डोलावत होती. पाखरू मारू नका म्हणायला माझं तोंड कुठे होतं?

मावशी तांबड्याच्या गळ्याखाली खाजवत होत्या. त्यांनी मला विचारलं, “बाई, ते खोकतंय बी का?”

खोकल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली.

“मला वाटलं, ते फकस्त मलाच ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. मग दिराकडे वळून म्हणाल्या, “भावजी, गोफण न्हाई आणायची. बैल बी जाणार न्हाई. काटे तोडा.”

निघताना

दुपारपर्यंत किसनआप्पांनी बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या, तोडून उताराच्या वरच्या टोकाला, काठाच्या बऱ्याच अलीकडे, कमरेएवढं कुंपण घातलं. बाजार चुकला. दुसऱ्या सकाळी आमची एसटी होती, म्हणून मी लवकर उठले, तर मावशी अंथरुणात नव्हत्या.

त्या उताराच्या खाली उभ्या होत्या. तांबड्याला त्यांनी मोकळं सोडलं होतं. काट्याच्या नव्या कुंपणावर खाटीक बसला होता; त्याला ती जागा फार आवडली असावी, एक सरडा आधीच टोचलेला होता. त्यानं शीळ घातली. तांबड्या उलट्या पावलांनी चढत गेला, काटे पाठीला लागले तसा थांबला. मावशींनी चुचकारलं. तो खाली आला. पुन्हा शीळ, पुन्हा वर. पुन्हा चुचकारणं, पुन्हा खाली. दोर नाही, मोट नाही, चाक फिरत नाही, विहिरीत थेंब नाही, आणि नवराबायकोची मोट चालली होती. शालिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आम्ही बॅगा घेऊन मागच्या वाटेनं निघालो.

परवा

हे सगळं मी तेव्हाच लिहून ठेवलं असतं, पण शेवट कसा करावा कळत नव्हतं. वर्ष झालं, आणि परवा शालिनी माहेराहून आली. पाऊस बरा झाला, काठ बांधून काढला, विहिरीला पाणी आहे. किसनआप्पांच्या बैलाच्या जोडीनं तांबड्या नांगराला चालला. मी विचारलं, आणि खाटीक?

चैत लागला तसा आला म्हणे, तोच की त्याचं पोर, देव जाणे. पहिल्याच सकाळी शीळ घातली, खोकला, आणि मग काट्यावर बसून तीनदा चुचकारलं. हलकेच, अगदी शालिनीच्या आईसारखं. तांबड्या मागे गेला आणि आपला आपण पुढे आला. आई दारात बसून होती, जागची उठली नाही.

“काय म्हणाल्या मावशी?”

“काही नाही,” शालिनी म्हणाली. “म्हणाली, आता मी नसले तरी चालंल.”